भिंतीपलीकडचं विमान

“इंदू, वर ये.”

हाक गच्चीवरच्या खोलीतून आली. मी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, जागची हलले नाही. त्या खोलीत मला बोलवायची रीत आमच्याकडे नव्हती. चहा हवा असला की हे जिन्यात येऊन उभे राहायचे आणि कप स्वतः वर घेऊन जायचे. कारण मी वर गेले तर पडद्याकडे बघणार, आणि मग ते काय बघत बसतात हे मला कळणार. मला ते चार वर्षांपासून ठाऊक होतं, ती गोष्ट वेगळी.

“इंदू, लवकर ये नं.”

मी पदराला हात पुसत वर गेले. हे खुर्चीत नव्हते, उभे होते. चष्मा कपाळावर गेला होता. पडद्यावर नेहमीचा नकाशा होता आणि त्यावर गुळाला मुंग्या लागाव्यात तशी पिवळी विमानं. त्यातलं एकच लाल होतं.

“लाल झालं,” हे म्हणाले.

“काय लाल झालं?”

“तिचं विमान.”

‘तिचं’ हा शब्द चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी दाराशीच अडले ती त्या शब्दानं. लाल म्हणजे काय ते मला अजून कळलंच नव्हतं.

“गोंदियाच्या पुढं गेलं होतं. तिथून वळलं, हे पाय.” त्यांनी बोट ठेवून दाखवलं. “पायलटनं सात-सात-शून्य-शून्य टाकलं. म्हणजे संकट. काय ते नाही सांगत. इंजिन असन, धूर असन, कोणी आजारी असन. एवढंच सांगते का आम्हाले खाली येऊ द्या.”

“मग आता?”

“नागपूरले उतरवतीन. दुसरं मोठं इकडं कोणतं हाय?” त्यांनी खुंटीवरचा शर्ट ओढला आणि बनियनवर घातला. गुंड्या खालीवर लागल्या होत्या. “चाल.”

या माणसाला चपला घालायला दहा मिनिटं लागायची. त्या दिवशी मी दाराला कुलूप लावून वळेपर्यंत गाडी फाटकाबाहेर होती.

आता थोडं मागचं सांगायला हवं. यांनी सारा जन्म टेलिफोन खात्यात काढला. वर्ध्याच्या एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतर खात्यातल्याच एका मित्रानं त्यांना ती वेबसाइट दाखवली, जिच्यावर आकाशातलं प्रत्येक विमान त्या क्षणी कुठे आहे ते दिसतं. विमान आपला नंबर, उंची, वेग सतत खाली सांगत असतं म्हणे, आणि ज्याच्या छपरावर ॲन्टेना आहे त्याला ते ऐकू येतं. यांनी पाइपाच्या तुकड्यात तांब्याची तार घालून ॲन्टेना केला आणि वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या आमच्या गच्चीवर उभा केला. तीनशे किलोमीटरपर्यंतची विमानं त्यात सापडत. दिवसाला चारेकशे विमानं आपल्या डोक्यावरून जातात, असं ते ज्याला त्याला सांगत. एकही थांबत नाही, हे मी मनात म्हणत असे. यांना जाऊन आता तीन वर्षं होतील, तरी ती खोली मी रोज झाडते.

आमची एकुलती एक प्रणिता सिंगापूरला असते. तीन-चार महिन्यांनी कंपनीच्या कामाला ती जर्मनीत जायची, आणि परततानाचं तिचं विमान सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्यावरून जायचं. हे तिनं मला सांगितलेलं. यांच्याशी ती बोलत नव्हती आणि हे तिच्याशी. मग मी काय करायची, आदल्या दिवशी यवतमाळच्या माझ्या बहिणीला फोन लावायची आणि ओट्यापाशी उभी राहून मोठ्यानं विमानाचा नंबर सांगायची. हे बाहेर पेपर घेऊन बसलेले असत. पान उलटायचा आवाज थांबे. बहीण बिचारी म्हणायची, “ताई, मले कायले सांगून राह्यली? मी काय विमान धरू?”

बोलणं का बंद होतं, तर एका वाक्यापायी. प्रणिता पुण्यातला संसार सोडून आली ती सकाळच्या बसनं, दोन बॅगा घेऊन. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, नवरा वाईट नव्हता. त्याच्याजवळ जीव रमला नाही, एवढंच ती सांगत होती. हे फाटकाशी झाडांना पाणी घालत होते, शेजारचे पाहत होते. हातातली नळी न ठेवता हे म्हणाले, “आल्या पावली परत जा. म्या इथं धर्मशाळा उघडली नाही.” ती गेली. मी चौकापर्यंत पळत गेले, तोवर तिची ऑटो निघून गेली होती. सहा महिन्यांत ती सिंगापूरला पोचली. ज्या दिवशी ती उडाली त्या दिवसापासून यांचा विमानांचा नाद सुरू झाला, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

मधल्या मधे मी होते. इकडचं तिकडे नेताना थोडी साखर घालायची सवय मला लागली. “बाबा तुझं विचारत होते,” मी तिला सांगायची. यांनी विचारलेलं नसे. “प्रणिता तुमच्या गुडघ्याचं विचारत होती,” असं यांना सांगायची. तिला गुडघ्याचं माहीतही नसे. दोघंही हूं म्हणत. मला वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय.

तर त्या जानेवारीच्या सकाळी आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो. यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला होता.

“उंची सांग.”

“एकवीस हजार फूट.”

“आता?”

“आत्ताच तर सांगितली. वीस हजार चारशे.”

“बराबर उतरून राह्यलं. वेग?”

मी आकडे वाचत होते. पोरीचा ताप पाहून सांगावा तसं वाटत होतं, फक्त इथे आकडा उतरला तरी भीती वाढत होती. सेलू मागे पडलं. अकरा हजार. आठ हजार. हे गाडी चालवताना कधी हॉर्न वाजवत नसत, त्या दिवशी बैलगाडीलाही वाजवत होते. तीन हजार. मग एकवीसशे, आणि मग नकाशावर काहीच नाही.

“अवो, दिसत नाही.”

“काय दिसत नाही?”

“विमान. गेलं. इथं होतं, आता नाही.”

यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. “उतरताना जातेच थे,” ते म्हणाले. “जमिनीच्या जवळ आलं का सिग्नल सापडत नाही. म्या सांगितलं नव्हतं का तुले? तसंच असते.” सांगितलं होतं, शंभरदा. पण त्यांनी गाडी पुढे काढली नाही. ट्रक आमच्या बाजूनं जात राहिले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. दोन मिनिटं असतील.

मग माझा फोन वाजला.

“आई, घाबरू नको,” प्रणिता म्हणाली. “आणि हसू पण नको. मी नागपुरात आहे.”

मला रडूच आलं. ती सांगत होती, की एका म्हाताऱ्या प्रवाशाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून विमान उतरवलं. त्यांना खाली नेतायत. बाकी कुणाला उतरू देत नाहीत, परदेशी विमान आहे ना, इंधन भरून, कागदपत्रं होऊन निघायला दोन-तीन तास लागतील. मी यांच्याकडे पाहून मान हलवली. हे गाडीतून उतरले आणि पाठ करून एका बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. लोकांना वाटावं लघवीला थांबलेत. खांदे हलत होते ते मला दिसत होते.

ते परत येऊन बसले तेव्हा फोन ठेवून झाला होता.

“बरी हाय म्हणते,” मी म्हटलं. “मग आता घरी जायचं?”

“एवढं पेट्रोल जाळलं,” ते म्हणाले आणि गाडी नागपूरकडेच काढली.

नागपूरचा विमानतळ वर्ध्याच्या बाजूनं शहराच्या अलीकडेच लागतो. हे मला मोठ्या दारावर नेतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गाडी भलत्याच वाटेला घातली. भिंतीच्या कडेनं कच्चा रस्ता जात होता, एके ठिकाणी मुरमाचा ढीग होता आणि त्यापुढे एक बाई संत्री विकत बसली होती. “इथून दिसते,” ते म्हणाले. कधी येऊन पाहून गेले होते देव जाणे. वर्ध्याला एक्स्चेंजमधल्या मित्राकडे जातो म्हणून जे दिवस दिवस जायचे, त्यातलाच एखादा असेल.

दिसत होतं. भिंतीवरच्या काटेरी तारांपलीकडे पिवळं गवत, त्यापलीकडे डांबर, आणि डांबरावर एकटंच उभं असलेलं ते भलंमोठं विमान. रोज ते यांच्या पडद्यावर नखाएवढं असायचं. माझी पोर त्यात बसली होती. मधे एवढंच अंतर होतं, आमच्या घरापासून शाळेएवढं. एवढ्या अंतरावरून मी तिला डबा विसरली म्हणून हाका मारलेल्या आहेत.

मी फोन लावला.

“आई?”

“बाहेर पाय. आम्ही भिंतीपाशी आहो.”

“आम्ही म्हणजे?”

“मी अन् बाबा.”

“ते आलेत?”

“तेच तर घेऊन आले.”

मी फोन यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. “कोणत्या शिटावर बसली, विचार.”

“प्रणू, बाबा विचारतात सीट कोणती?” या वेळी साखर घालायची गरज नव्हती, तरी माझा आवाज मलाच खोटा वाटला.

“एकेचाळीस ए. का गं?”

“ए म्हणजे डावी खिडकी,” हे म्हणाले. “विमानाचं तोंड तिकडं हाय. म्हणजे ती पलीकडच्या अंगाले आली. तिले सांग, उजवीकडं कोणी उठलं तर येऊन पाय म्हणा.”

मी सांगितलं. मग हे सुरूच झाले. तिला सांग, विमान जुनं नाही, सात वर्षांचं आहे. तिला सांग, मागच्या वेळी जर्मनीहून निघायलाच पन्नास मिनिटं उशीर झाला होता, तेव्हा हेच विमान होतं. तिला सांग, आज वारा उलटा आहे, उठताना आपल्याकडे पाठ करून उठेल. मी एकेक वाक्य पुढे ढकलत होते. संत्रेवाली बाई आमच्याकडे बघून राहिली होती, तिला वाटलं असेल कुणी मोठा साहेब आहे.

“आई,” प्रणिता म्हणाली, “मागच्या वेळचा उशीर बाबांना कसा माहीत?”

मी एक नजर यांच्याकडे टाकली आणि दोन पावलं बाजूला गेले. “तुह्यं प्रत्येक विमान पाहते ते. गच्चीवर ॲन्टेना लावला. चार वर्षं झाली.”

“खरंच, की तू सांगतेस म्हणून?”

हा प्रश्न मला तेव्हा लागला नाही. नंतर लागला. मी म्हटलं, “तुह्याच गळ्याची शपथ.”

ती रडत होती बहुतेक. मग म्हणाली, “मी उजवीकडे आले आहे. एक बाई उठल्या, त्यांनी जागा दिली. भिंत दिसते. माणसं नाही दिसत.”

मी पदर काढून हलवला. हे ते बघत होते. त्यांनी बाईला म्हटलं, “बाई, तुह्यं खोकं दे जरा.” तिनं संत्री रस्त्यावर ओतून लाकडी खोकं रिकामं करून दिलं. सत्तर वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस त्या खोक्यावर चढला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. हलवले नाहीत, नुसते वर केले.

“दिसले,” प्रणिता म्हणाली. “आई, पांढरा शर्ट आहे ना? दिसले मला.”

“दिसले म्हणते,” मी सांगितलं.

हात खाली आले. हे खोक्यावरून उतरेनात.

“आई, त्यांना फोन दे. मला काही ऐकवायचं नाही त्यांना. त्यांना काही म्हणायचं असेल तर म्हणू दे. मी ऐकते.”

मी फोन पुढे केला. “बोला. ती ऐकते म्हणते.”

हे माझ्याकडे नाही, फोनकडे बघत राहिले. मग खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांनी पडदा उघडला. “वेळ हाय,” म्हणाले. “हललं नाही अजून. मले जरा जुळवू दे.”

त्यांना घाई करून चालत नसे. नवरदेव म्हणून माझ्या घरी आले तेव्हाही उखाणा जुळवायला वीस मिनिटं घेतली होती. मी प्रणिताला म्हटलं, बाबा बोलतायत, जरा थांब. ती म्हणाली, थांबते. दोघंही थांबले. एक वाजून गेला होता, ऊन चटके देत होतं. यांचे ओठ हलत होते. वाक्य लावून पाहायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे.

मी सहज भिंतीपलीकडे पाहिलं, तर विमानाची शेपटी मघापेक्षा उजवीकडे होती.

“अवो, चाललं ते.”

“नाही. हे पाय, उभंच हाय.” त्यांनी मला पडदा दाखवला. नकाशावर ते विमान जागच्या जागी होतं, नाक त्याच दिशेला.

“पडद्याचं काय सांगता, समोर पाहा नं. सरकून राह्यलं.”

“मागंपुढं होत असन.” आणि ते पुन्हा पडद्याकडे. चार वर्षं ज्याच्यावर विश्वास ठेवला तेच खरं. जमिनीवरचं विमान त्यात नीट सापडत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. त्या घटकेला ते विसरले, आणि शंभरदा ऐकूनही ठासून सांगायचं मला सुचलं नाही.

कानाला लावलेल्या फोनमधून प्रणिता घाईनं म्हणाली, “आई, बंद करायला सांगतायत. बाबा बोलतायत का? आई? एअर होस्टेस उभी आहे समोर. ठेवते मी, ठेवावाच लागतो.”

फोन कानावरून काढला. पडद्यावरून तिचं नाव गेलं होतं.

त्याच क्षणी यांनी मान वर केली आणि विमान खरंच पुढे गेलेलं त्यांना दिसलं. त्यांनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला. मी काही म्हणायच्या आत तो त्यांच्या कानाला होता.

“प्रणू, मी बाबा बोलतो,” ते म्हणाले. इंजिनांचा आवाज वाढत होता, म्हणून ओरडून. “त्या दिवशी माह्यं चुकलं. लोकं पाहत होते म्हणून बोललो मी. तुले घरात घ्याचं सोडून मी लोकांकडं पाह्यलं. तू गेल्यापासून मी ते फाटक लावलं नाही, रातच्यालेही लावत नाही. तू ये. कोणी विचारलं तर मी सांगीन. तू फक्त ये.”

विमान आमच्या समोरून गेलं तेव्हा काहीच ऐकू येईना. हे एका कानात बोट घालून दुसऱ्या कानाशी फोन दाबून धरून उभे होते. ते वळलं, लांब गेलं, आणि मग त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्याकडे पाठ करून उठलं. दिसेनासं होईपर्यंत त्यांनी फोन कानावरून काढला नाही.

“ऐकलं तिनं,” ते म्हणाले. चेहरा ओला होता आणि लहान मुलासारखा हलका झाला होता. “काही बोलली असन तर मले ऐकू नाही आलं. आवाज होता नं.”

मी म्हटलं, “हो, आवाज होता.”

का म्हटलं ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. ते पुन्हा बोलले नसते, एकदाच एवढं मोठं बोलले ते मी खोटं पाडावं का, असं त्या वेळी वाटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात होतं, संध्याकाळी आपण सांगूच की प्रणिताला. आजवर सगळं मीच तर पोचवलं होतं.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी तिला शब्दन् शब्द सांगितलं. फाटकाचं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

“आई,” ती म्हणाली, “मी पावणेतीन तास तिथे बसले होते. तेव्हा नाही बोलले, आणि फोन बंद झाल्यावर बोलले?”

“अगं, खरंच बोलले.”

“तू सांगायचीस, बाबा माझ्या नोकरीची चौकशी करायचे, वाढदिवसाला नाव काढायचे, माझ्या आवडीची भाजी आणायचे. सगळं खरंच होतं ना? मी तुझ्यावर रागावले नाहीये गं. पण हे तू सांगू नको. हे त्यांना म्हणायचं असेल तर ते म्हणतील.”

आणि हे तर म्हणून बसले होते. ते रोज वाट बघू लागले. फोन वाजला की वर्तमानपत्र खाली. प्रणिता माझ्याशी बोलून ठेवून द्यायची. पहिला महिना ते म्हणाले, कामात असन. दुसऱ्या महिन्यापासून काही म्हणाले नाहीत. जूनच्या वादळात ॲन्टेना आडवा झाला, तो त्यांनी उभा केला नाही. दिवाळी आली. अंगणात सडा घालताना मी फाटकाकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. प्रणिता आली नाही. तीही वाटच बघत होती, त्यांच्या एका फोनची. दोघांच्या मधे आता भिंत नव्हती, मी होते.

डिसेंबरात एका दुपारी ते जेवून उठले आणि म्हणाले, “भंगारवाला आला तर वरचं सगळं देऊन टाक.”

“काऊन?”

“पाहून काय कराचं. म्या बोललो, इंदू. तिनं ऐकलं. एक शब्द बोलली नाही. तिचा हक्क हाय तो. म्या तिले फाटकातून वापस पाठवलं, तिनं मले फोनवरून. बराबर झालं.”

मी उष्टी ताटं तशीच ठेवली.

“तिनं नाही ऐकलं,” मी म्हटलं.

जिन्याकडे निघालेले ते वळले.

“तुम्ही फोन घेतला तवा तो बंद झाला होता. तिले ठेवावा लागला. म्या पाह्यलं होतं, तिचं नाव गेलं होतं. म्या तुम्हाले सांगितलं नाही.”

मी मार खायच्या तयारीनं उभी होते, जरी त्यांनी जन्मात कधी हात उचलला नव्हता. त्यांनी तक्रार नोंदवून घ्यावी तसं विचारलं, “म्या घ्याच्या आधी का नंतर?”

“आधी.”

“म्हणजे म्या जे बोललो ते...”

“म्या ऐकलं. त्या संत्रेवालीनं ऐकलं.”

“अन् प्रणूनं नाही.”

“नाही.”

ते खुर्चीत बसले. मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला पाहवेना. “मंग तिनं मले नाही म्हटलंच नाही,” ते म्हणाले.

अकरा महिने मी त्या माणसाला न झालेली शिक्षा भोगायला लावली होती, आणि माझ्यावर रागवायचं विसरून तो खूश झाला होता. त्यापेक्षा त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. पुढे त्यांना लेकीबरोबर दोन दिवाळ्या मिळाल्या. तीन मिळाल्या असत्या. प्रणिता हे कधी काढत नाही, पण ती तिसरी दिवाळी माझ्या नावावर आहे.

ते फोन घेऊन वर गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी नंबर कुठे पाहिला नाही. पाच वर्षांत कधी न लावलेला तो परदेशचा लांबलचक नंबर त्यांनी एका दमात दाबला. मी हात पुढे केला. आधी मी बोलते, बाबा बोलणार आहेत असं तिला सांगते, मग तुम्ही घ्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. खाली जायला हवं होतं, तेवढं माझ्यानं झालं नाही.

“प्रणू,” ते म्हणाले. “मी बाबा.”

मग ते नुसते ऐकत होते. ती काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. पाच वर्षांचं साचलेलं होतं तिच्याकडे, ते काही दोन मिनिटांत संपणारं नव्हतं. यांनी एकदाही मधे आपली बाजू सांगितली नाही, त्या दिवशीचं जुळवलेलं वाक्यही काढलं नाही.

“हो,” ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळानं पुन्हा, “हो.” मग आवाज फुटला त्यांचा, तरी शब्द तोच होता.

“हो, प्रणू. हो.”